वाचकांचे प्रश्न : किल्लीचे घड्याळ, त्याची ओढ आणि त्याचा हिशेब

मागील अंकात या सदरात एका वाचकाने विचारले होते, की महागड्या यांत्रिक घड्याळाची वेळ सेलवर चालणाऱ्या साध्या घड्याळापेक्षा अधिक बरोबर असते का. 'नसते' एवढेच उत्तर मी दिले होते आणि जागेअभावी त्याची कारणे मागे ठेवली होती. त्यावर पुण्यातून आणि पिंपरी-चिंचवडमधून बरीच पत्रे आली. काहींनी नाराजी कळवली, काहींनी आपापल्या घड्याळांचे दुखणे कळवले. त्यांतील पाच पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून मी आयुष्यात प्रथमच एक स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतले. किंमत सुमारे चार लाख रुपये. रोज सकाळी मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहतो, तर ते दिवसाला चार सेकंद पुढे जाते, म्हणजे महिन्याला दोन मिनिटे. मुलाचे दीड हजारांचे सेलचे घड्याळ महिन्याकाठी दहा सेकंदही चुकत नाही. दुकानदार म्हणतो, 'साहेब, हे उत्तम आहे.' माझी फसवणूक झाली आहे का? आणि झाली नसेल, तर मी चार लाख नेमके कशाचे दिले? — एक निवृत्त अभियंता, कोथरूड

उत्तर : आपली फसवणूक झालेली नाही, आणि दुकानदाराने सांगितले ते खरे आहे.

एका दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत चार सेकंदांची चूक म्हणजे २१,६०० भागांत एक भाग. पुणे ते मुंबई हे सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर कोणी पावलांनी मोजत गेले आणि शेवटी त्याचा हिशेब सात मीटरांनी चुकला, तर आपण त्याला चुकला असे म्हणणार नाही, उलट त्याच्या पायांना हात लावू. आपल्या मनगटावरचे यंत्र हे काम रोज करते, आणि तेही विजेविना, गुंडाळून ठेवलेल्या एका धातूच्या पट्टीच्या जोरावर.

ती पट्टी, म्हणजे मेन स्प्रिंग, ऑटोमॅटिक घड्याळात मनगटाच्या हालचालीने आपोआप गुंडाळली जाते आणि सतत उलगडू पाहते. तिचा जोर एकामागून एक चाकांमधून पुढे जातो आणि शेवटी त्याची गाठ बॅलन्स नावाच्या चाकाशी पडते. हे चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या, म्हणजे हेअरस्प्रिंगच्या आधाराने उजवीकडे आणि डावीकडे झोके घेत असते, आणि प्रत्येक झोक्यासरशी मागच्या चाकांना ठरलेले तेवढेच पुढे सरकू देते. आपल्याला जी टिकटिक ऐकू येते, ती या अडण्या-सुटण्याची. आजच्या बहुतेक स्विस घड्याळांत असे तासाला २८,८०० झोके होतात, म्हणजे सेकंदाला आठ, दिवसाला सात लाखांच्या जवळ आणि वर्षाला पंचवीस कोटींहून अधिक. आपल्या जुन्या कालगणनेत दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे असत. या हिशेबाने एक विपळ म्हणजे सेकंदाचे दोन पंचमांश होते. मुहूर्तासाठी घटिकापात्र पाण्यात सोडणाऱ्या आपल्या पूर्वजांना पळापर्यंतचा हिशेब राखणे हीच मोठी गोष्ट होती. आपल्या घड्याळातले चाक एका विपळात तीन झोके पुरे करून चौथा सुरू करते.

मग मुलाचे घड्याळ त्याच्याही पुढे का जाते? कारण त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोनाचा हा पंधरावा घात मुद्दाम निवडलेला आहे, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक मंडलाने तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद हाती येतो. जिथे यंत्र आठ वेळा मोजते तिथे स्फटिक बत्तीस हजारांहून अधिक वेळा मोजतो, आणि मनगट वर आहे की खाली, याचा त्याच्यावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेको कंपनीने टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. आज तेच तंत्र दीड हजार रुपयांत मिळते. अचूकतेच्या शर्यतीचा निकाल त्या दिवशीच लागला, आणि यांत्रिक घड्याळ बनवणारा कोणीही प्रामाणिक कारागीर ही गोष्ट नाकारत नाही.

यांत्रिक घड्याळाला चार शत्रू असतात. पहिला गुरुत्वाकर्षण, कारण घड्याळ पालथे, उताणे किंवा उभे ठेवले की बॅलन्सच्या टोकांवरचे घर्षण बदलते. दुसरे तापमान. तिसरा मेन स्प्रिंगचा घटत जाणारा जोर आणि चौथे वाळत चाललेले तेल. तापमानाचा प्रश्न शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने सोडवला. घड्याळजीच्या घरात जन्मलेल्या या माणसाने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले, की उष्णतेने त्यांची लांबी किंवा लवचिकता फारशी बदलत नाही. त्या कामाबद्दल त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या हेअरस्प्रिंगचा धातू त्याच कुळातला असण्याची शक्यता मोठी आहे. एप्रिलच्या पुण्यात दुपारी रस्त्यावर आणि पाच मिनिटांनी वातानुकूलित बँकेत शिरूनही आपले घड्याळ फारसे बिथरत नाही, याचे श्रेय त्या संशोधनाला आहे.

स्वित्झर्लंडमध्ये कोस्क नावाची अधिकृत तपासणी संस्था आहे. ती घड्याळाचे यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत तपासते, आणि दिवसाची सरासरी चूक उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत असेल तरच त्याला क्रोनोमीटर म्हणवून घेता येते. रोलेक्स आपल्या घड्याळांसाठी दोन सेकंद मागे ते दोन सेकंद पुढे एवढीच मर्यादा सांगते, तर मेटास या दुसऱ्या स्विस संस्थेच्या प्रमाणपत्राची मर्यादा शून्य ते अधिक पाच सेकंद अशी आहे. आपले अधिक चार या तिन्हींपैकी दोन कसोट्यांत बसते.

आपण अभियंता आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. रोज चार सेकंद पुढे जाणारे घड्याळ हे एक दिवस दहा सेकंद पुढे आणि दुसऱ्या दिवशी आठ सेकंद मागे जाणाऱ्या घड्याळापेक्षा फार श्रेष्ठ असते, जरी दुसऱ्याची सरासरी कागदावर अधिक चांगली दिसली तरी. खरा गुण चालीतल्या सातत्याचा आहे. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराचे एच-४ हे घड्याळ नोव्हेंबर १७६१ मध्ये जहाजावरून जमैकाला निघाले. ते दिवसाला सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडते, हे आधीच मोजून ठेवले होते. ८१ दिवसांनंतर तो हिशेब वळता करून पाहिले, तेव्हा चूक फक्त पाच सेकंदांची निघाली. घड्याळ मागे पडत होते याची कोणाला फिकीर नव्हती; ते रोज सारखेच मागे पडत होते, म्हणून खलाशांना भर समुद्रात आपले रेखांश कळू शकले. आपण आठवडाभर रोज एकाच वेळी नोंद करा. आकडे जवळजवळ सारखे आले, तर आपल्याकडे उत्तम यंत्र आहे असे समजावे. शिवाय रात्री घड्याळ उताणे ठेवण्याऐवजी किल्लीची बाजू वर किंवा खाली करून उभे ठेवून पाहावे. यांपैकी एखाद्या स्थितीत ते थोडे मागे पडत असेल, तर दिवसाची वाढ रात्री आपोआप फिटते.

आता चार लाखांचा प्रश्न. त्यातला काही भाग कारागिरीचा, काही आयात शुल्काचा आणि करांचा, काही दुकानाच्या भाड्याचा आणि बराचसा नावाचा व जाहिरातींचा आहे, हे आपल्यापासून लपवणार नाही. तरीही वस्तूचे म्हणून काही उरते, आणि मला ते मोलाचे वाटते. शंभराहून अधिक सुटे भाग असलेले हे यंत्र पूर्ण उलगडता येते, धुता येते, त्याचा झिजलेला भाग बदलता येतो आणि ते पुन्हा जोडता येते. सेलच्या घड्याळातले मंडल बिघडले की सहसा अख्खे यंत्रच बदलावे लागते, कारण त्यात दुरुस्त करण्याजोगे फारसे काही नसते. आपण लावलेले हे घड्याळ आपला नातू आपल्या वयात लावू शकेल. मनगटाच्या हालचालीने चालणारी, कानाशी धरली तर ऐकू येणारी आणि डोळ्यांनी समजून घेता येणारी अशी फार थोडी यंत्रे आता आपल्या घरात उरली आहेत. पंख्यापासून फोनपर्यंत सारे काही बंद डबे झाले आहेत. एका अभियंत्याला याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. पाच वर्षे पैसे साठवून एका प्रसिद्ध स्विस कंपनीचे पोलादी घड्याळ घ्यायला अधिकृत दुकानात गेलो, तर 'नाव लिहून ठेवतो, दोन-तीन वर्षे लागतील' असे उत्तर मिळाले. शिवाय त्यांच्याकडची दुसरी घड्याळे आधी घेतली तर नंबर लवकर लागेल, असेही सुचवले गेले. तेच घड्याळ बाहेर जुन्या मालाच्या बाजारात दीडपट किमतीला आज मिळते. ही टंचाई खरी आहे की केलेली? आणि गुंतवणूक म्हणून मी ते बाहेरून घ्यावे का? — एक वाचक, बाणेर

उत्तर : आपल्या घरात कोणी सत्तरीचे असतील, तर त्यांना बजाज स्कूटरच्या नोंदणीबद्दल विचारा. आकुर्डीचा कारखाना आपल्या शेजारी, आणि तरीही पुणेकराला चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागला की गाडी घेऊन लगेच जास्त पैशांना विकणारे होते, आणि मुलीच्या लग्नासाठी आधीच नोंदणी करून ठेवणारे बापही होते. ती टंचाई परवान्यांची होती, कारण किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे. उत्पादन मोकळे झाले आणि वरचे पैसे नाहीसे झाले. स्कूटर तीच राहिली.

आपल्याला जे घड्याळ हवे आहे, त्याची टंचाई मला या जातीची वाटते, एवढाच फरक की परवाना कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेला आहे. रोलेक्स आपल्या उत्पादनाचे आकडे जाहीर करत नाही, पण व्यवसायातले जाणकार ते वर्षाला दहा लाखांच्या आसपास धरतात. वर्षाला दहा लाख बनणारी वस्तू दुर्मीळ म्हणता येणार नाही. ती काउंटरवर दुर्मीळ आहे, तीही ठरावीक मॉडेलांपुरती. कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे. क्वार्ट्झ आल्यानंतर १९७० ते १९८५ या काळात स्विस घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या सुमारे नव्वद हजारांवरून तीस-पस्तीस हजारांवर आल्या, शेकडो कारखाने बंद पडले, आणि कुशल माणसे दुसऱ्या कामांना लागली. ती आठवण त्या दऱ्याखोऱ्यांत अजून ताजी आहे. मागणी वाढली म्हणून भराभर यंत्रे आणि माणसे वाढवायची आणि मागणी ओसरली की सर्वांना घरी पाठवायचे, हे त्यांना नको असते. पण त्याच संयमातून कंपनीला आयती प्रतिष्ठाही मिळते, आणि ती तिला नकोशी असेल असे मला वाटत नाही.

पोलादी घड्याळ सोन्याच्या भावाने विकण्याची प्रथा तशी जुनी नाही. १९७२ मध्ये ओदमार पिगे या कंपनीने रॉयल ओक हे अष्टकोनी कडेचे पोलादी घड्याळ काढले. जेराल्ड जेंटा यांनी ते रेखाटले होते आणि त्याची किंमत तेव्हाच्या अनेक सोन्याच्या घड्याळांहून जास्त होती. त्याच जेंटांनी पाटेक फिलिपसाठी रेखाटलेले नॉटिलस १९७६ मध्ये आले. या नॉटिलसचे ५७११ क्रमांकाचे मॉडेल बंद करण्याचे कंपनीने २०२१ मध्ये जाहीर करताच जुन्या बाजारात त्याचे भाव कुठल्या कुठे गेले. पण २०२० पासून चढत गेलेला तो सगळा बाजार २०२२ च्या वसंतानंतर खाली आला, आणि ज्यांनी शिखरावर असताना, कर्ज काढून, 'गुंतवणूक' म्हणून घड्याळे घेतली होती त्यांचे नुकसान झाले. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : गुंतवणूक म्हणून घेऊ नका. ज्या वस्तूचा भाव एका कंपनीच्या वाटपाच्या धोरणावर टिकून आहे, तिचा भाव त्या धोरणासह बदलतो. नंबर लवकर लागावा म्हणून नको असलेली दुसरी घड्याळे घेणे तर सर्वांत वाईट, कारण त्यांची किंमत दुकानाबाहेर पडताच घसरते.

लिलावांचे आकडेही आपल्या वाचनात आले असतील. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलरना गेले. ते त्यांना पत्नीने भेट दिले होते आणि त्यामागे 'जपून गाडी चालव' अशा अर्थाची ओळ कोरलेली होती. न्यूमन यांच्या हातावर होते त्या धाटणीच्या तबकडीला त्या काळी फारसे गिऱ्हाईक नव्हते, म्हणूनच ती थोडी बनली आणि म्हणूनच आज ती दुर्मीळ आहे. आज रांग लावून घेतल्या जाणाऱ्या घड्याळांच्या बाबतीत असे कसे घडेल?

खरी टंचाई वेगळीच असते, आणि ती हातांची असते. जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावची ए. लांगे उंड झ्योने ही कंपनी प्रत्येक यंत्र एकदा पूर्ण जोडून, चालवून, पुन्हा सारे उलगडते, शेवटचे घासकाम आणि चकाकी पुरी करून दुसऱ्यांदा जोडते. फिलिप ड्युफूर या स्विस कारागिराच्या सिम्प्लिसिटी या साध्या तीन काट्यांच्या घड्याळाच्या दोनशेच्या थोड्याच वर प्रती आहेत, कारण एका माणसाच्या आयुष्यात एवढ्याच होऊ शकतात. चाके धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे पुलाच्या, कडेला पंचेचाळीस अंशांत दिलेली उतरती चकाकी, आतल्या टोकदार कोपऱ्यापर्यंत लाकडाच्या काडीने नेलेली झिलई, हे काम यंत्राला अजून माणसासारखे जमत नाही. अशी घड्याळे आपल्या-माझ्या आवाक्याबाहेरची आहेत. पण तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत एखादा तांबट भांड्याला ठोके देताना पाहिला असेल, तर काय म्हणायचे आहे ते आपल्याला कळेल.

मला विचाराल तर नाव लिहून ठेवा, दुसरे काहीही घेऊ नका, आणि मधल्या काळात त्याच पैशांत कमी गाजलेल्या पण उत्तम यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांची घड्याळे हातात घेऊन पाहा. बाहेरूनच घ्यायचे ठरले, तर मूळ वॉरंटी कार्ड, घड्याळावरचा क्रमांक आणि पक्के बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपेक्षा जास्त किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घ्यायचा असतो. तो आपल्याला विवरणपत्रात वळता करून घेता येतो. 'बिल कशाला, स्वस्तात देतो' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे एचएमटी जनता घड्याळ कपाटात सापडले. ते रोज सकाळी सात-पाचच्या आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की घड्याळाला किल्ली देत आणि वेळ लावत. माझ्या लग्नानंतरची वीस वर्षे मी हे पाहिले आहे. किल्ली दिली की घड्याळ आजही चालते, पण दहा मिनिटांत थांबते. तबकडी पिवळी पडली आहे. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात 'तबकडी रंगवून नवी करून देतो' म्हणाले. करून घ्यावी का? आणि अशा घड्याळाची किंमत किती? — एक गृहिणी, सदाशिव पेठ

उत्तर : तबकडी रंगवू नका, ही कळकळीची विनंती. वडिलांच्या घड्याळाच्या बाबतीत ही चूक मी स्वतः केली आहे. तबकडी पांढरीशुभ्र होऊन आली, पण अक्षरांचे वळण बदलले, मिनिटांच्या रेषा जाड झाल्या, आणि वडिलांनी चाळीस वर्षे ज्या चेहऱ्याकडे पाहिले होते तो चेहरा कायमचा गेला. तो परत आणता येत नाही. पिवळेपणा हा त्या घड्याळाचा इतिहास आहे आणि त्यामुळे वेळ दाखवण्यात काही अडथळा येत नाही.

थांबण्याचे कारण बहुधा वाळलेले तेल. घड्याळ पूर्ण उलगडून, धुऊन, नवे तेल घालून घ्यावे आणि गरज असेल तरच मेन स्प्रिंग बदलावी. दुकानात देताना 'सर्व्हिसिंग करा, तबकडी, काटे आणि डबी यांना हात लावू नका' असे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि आतल्या यंत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काच ओरखडलेली असेल तर ती बदलायला हरकत नाही.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला. आपल्या जनतामध्ये घर्षण कमी करणारी १७ माणके असलेले आणि तासाला १८,००० झोके घेणारे यंत्र आहे, म्हणजे सेकंदाला पाच. दुरुस्तीनंतर ते दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत राहिले तर समाधान मानावे. सासरे रोज बातम्यांना वेळ लावत होते ते उगीच नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली, आणि त्या सुमारास या घड्याळांना एकदम मागणी आली. त्या मागणीपायी रंगवलेल्या तबकड्या, इकडचे काटे आणि तिकडची डबी अशी जोडलेली घड्याळे 'जुना, न वापरलेला माल' म्हणून फार विकली जातात. एका घरात, एका माणसाच्या हातावर राहिलेले आणि हात न लागलेले घड्याळ आता त्यांच्यापेक्षा कमी सापडते. बाजारात आपल्याला त्याचे काही हजारच मिळतील. विकू नये असे मला वाटते, पण तो निर्णय आपला आहे.

घड्याळजी मात्र नीट शोधा. शहरातल्या पेठांमध्ये आणि कॅम्पात अजून काही जुने कारागीर डोळ्याला भिंग लावून बसतात. त्यांच्यातल्या अनेकांची मुले या धंद्यात आलेली नाहीत. मला या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी टंचाई ही वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या घड्याळाचे काम यंदाच करून घ्या. पैशांची घासाघीसही करू नका. तीन-चार तास मान खाली घालून केलेल्या कामाचे जे पैसे ते मागतात, ते कमीच असतात.

प्रश्न : माझे ऑटोमॅटिक घड्याळ तीन वर्षे व्यवस्थित चालले. गेल्या आठवड्यापासून दिवसाला दहा-दहा मिनिटे पुढे पळते. पडलेले नाही, पाण्यात गेलेले नाही. — एक वाचक, हडपसर

उत्तर : चुंबकाचा परिणाम असण्याची शक्यता फार मोठी आहे. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वामुळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, आणि बॅलन्स भराभर झोके घेऊ लागतो. स्पीकर, टॅबलेटचे चुंबकी आवरण, पर्सचे चुंबकी बटण, मोबाइलमागचे चुंबकी चार्जर यांपैकी कशाशेजारी रात्री घड्याळ ठेवले जाते का, ते पाहा. घड्याळ होकायंत्राजवळ नेल्यावर सुई हलली तर संशय पक्का झाला. घड्याळजी एका लहान उपकरणाने मिनिटभरात चुंबकत्व काढतो आणि घड्याळ उघडावेही लागत नाही. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असलेल्या नव्या घड्याळांना हा त्रास जवळजवळ होत नाही. वर सांगितलेल्या मेटासच्या कसोटीत तर घड्याळ १५,००० गाउसच्या प्रबळ चुंबकी क्षेत्रात ठेवून तपासतात. चुंबकत्व काढूनही फरक पडला नाही, तरच सर्व्हिसिंगचा विचार करा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टूर्बियाँ हे सर्वांत अचूक यंत्र असते असे वाचले, ते खरे का? माझ्याजवळ पंधरा हजार रुपये आहेत आणि मला यांत्रिक घड्याळ घ्यायचे आहे. रविवारी जुन्या बाजारात पाहू का? — एक विद्यार्थी, निगडी

उत्तर : टूर्बियाँचे एकस्व, म्हणजे पेटंट, अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १८०१ मध्ये मिळवले. तेव्हा घड्याळ खिशात उभे राहत असे आणि गुरुत्वाकर्षणाची चूक एकाच दिशेने साठत जाई. ब्रेगे यांनी बॅलन्ससह सारी नियामक रचनाच एका पिंजऱ्यात बसवून सावकाश फिरती ठेवली, म्हणजे साऱ्या उभ्या स्थितींतल्या चुका एकमेकींना छेद देतात. कल्पना विलक्षण आहे आणि ती बनवणे फार अवघड आहे. पण मनगट दिवसभर स्वतःच फिरत असते, त्यामुळे मनगटी घड्याळात तिचा अचूकतेला होणारा उपयोग थोडा आहे. चांगले जुळवलेले साधे यंत्र तिच्या बरोबरीने चालते. टूर्बियाँला मिळणारी किंमत ही हस्तकौशल्याची असते, आणि तशी ती द्यायला माझी हरकत नाही.

पंधरा हजारांत जपानी कंपन्यांची नवी ऑटोमॅटिक घड्याळे मिळतात. पाठीमागे काच असलेले घ्यावे, म्हणजे बॅलन्स डोळ्यांनी दिसेल आणि वर्गात शिकलेले दोलन हातात घेऊन पाहता येईल. त्यांची अधिकृत मर्यादा दिवसाला वीस-पंचवीसपासून चाळीस-पंचेचाळीस सेकंदांपर्यंत असते, पण चांगला घड्याळजी ती बरीच खाली आणू शकतो. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जरूर जा, पण पहिल्या दोन-तीन खेपांना पैसे घरी ठेवून जा. तिथली बरीच घड्याळे तीन घड्याळांचे एक केलेली असतात, आणि डोळा तयार होईपर्यंत ते ओळखू येत नाही. नंतर दोन-तीनशे रुपयांचे एखादे बंद पडलेले किल्लीचे घड्याळ उलगडून पाहण्यासाठी म्हणूनच घ्या, स्क्रू ठेवायला झाकणाची डबी वापरा, आणि मेन स्प्रिंगचा जोर पूर्ण उतरवल्याशिवाय कोणतेही चाक उचलू नका. नाहीतर सारी चाके एकदम सुटून दात मोडतात.

नवे घड्याळ घेतल्यावर घड्याळजीकडे जाऊन टाइमग्राफर या यंत्रावर ते लावायला सांगा. ते यंत्र टिकटिक ऐकून तीन आकडे दाखवते : दिवसाला किती सेकंदांची चूक, बॅलन्सचा झोका किती अंशांचा, आणि डावा-उजवा झोका यांत किती मिलिसेकंदांचा फरक. पूर्ण किल्ली दिल्यावर झोका २७० अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर यंत्र सुदृढ आहे. हे तिन्ही आकडे, उताण्या आणि उभ्या स्थितीतले वेगवेगळे, तारीख घालून वहीत लिहून ठेवा आणि वर्षाने पुन्हा मोजा.